कोल्हापूर ते तिरुपती विमानाने अंतर किती आणि खरा वेळ किती धरायचा

प्रश्न असा आलाय की कोल्हापूरहून आईवडिलांना घेऊन तिरुपतीला विमानाने जायचंय, एका साइटवर अंतर ६५६ किलोमीटर आणि वेळ ५० मिनिटं दाखवतायत, दुसरीकडे सव्वा तास, तिसरीकडे पावणेदोन तास, मग यातलं खरं कुठलं आणि त्यावरून दर्शनाचा स्लॉट कितीचा घ्यायचा?

मी बरीच वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काम करतोय, म्हणजे विमान सुटायच्या आधी त्याचा मार्ग, उंची, इंधन, वारा, वेळ हे सगळं काढून पायलटच्या हातात देणारी जी माणसं असतात त्यातला मी. त्यामुळे आधी थेट उत्तर देतो आणि मग ते कसं येतं ते सांगतो. अंतर बरोबर आहे, ६५५ ते ६६० च्या दरम्यान काहीही दिसलं तरी ते बरोबरच समजा. ५० मिनिटं हे मात्र साफ चुकीचं आहे, त्यावर काहीही ठरवू नका. सव्वा तास आणि पावणेदोन तास हे दोन्ही खरे आहेत, फक्त विमानं वेगळी आहेत. आणि तुमच्या कामाचा आकडा यातला एकही नाही, कारण तुम्हाला घरातून निघून तिरुमलाच्या डोंगरावर पोचायला लागणारा वेळ हवाय आणि तो सहा तास धरा.

आता अंतराचं बघू. हे कुणीही वहीवर काढू शकतं आणि एकदा काढून बघाच, मग कुठल्याही साइटवर अवलंबून राहावं लागत नाही. कोल्हापूरचा विमानतळ, म्हणजे उजळाईवाडीचा, साधारण १६.६६ उत्तर अक्षांश आणि ७४.२९ पूर्व रेखांशावर आहे. तिरुपतीचा विमानतळ रेणीगुंट्याला आहे, तो १३.६३ उत्तर आणि ७९.५४ पूर्व. अक्षांशातला फरक ३.०३ अंश. एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल, म्हणून दक्षिणेकडे साधारण १८२ नॉटिकल मैल जायचंय. रेखांशातला फरक ५.२५ अंश, त्याला ६० ने गुणलं की ३१५ येतात, पण रेखांश विषुववृत्तापासून वर जाऊ तसे जवळ जवळ येत जातात म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं, इथे मधला अक्षांश १५ च्या जरा वर आहे, कोसाइन ०.९६५, म्हणजे पूर्वेकडे ३०४ मैल. मग शाळेतला पायथागोरस, १८२ चा वर्ग अधिक ३०४ चा वर्ग आणि त्याचं वर्गमूळ, उत्तर ३५४ नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटर, झाले ६५६ किलोमीटर. इतक्या कमी अंतराला हा हिशोब मोठ्या सॉफ्टवेअरच्या अगदी जवळ येतो. साइटसाइटमध्ये तीन-चार किलोमीटरचा फरक दिसतो तो यामुळे की कुणी पृथ्वी पूर्ण गोल धरतं, कुणी ध्रुवांकडे जराशी चपटी धरतं, आणि कुणी विमानतळाऐवजी शहराच्या मध्यापासून मोजतं. आपल्या या जोडीत शहरापासून मोजलं तरी फार बिघडत नाही, कारण उजळाईवाडी कोल्हापूरच्या आग्नेयेला आहे म्हणजे तिरुपतीच्या बाजूलाच, आणि रेणीगुंटा तिरुपती गावाच्या पूर्वेला म्हणजे पलीकडे, त्यामुळे एकीकडे वाचलेलं दुसरीकडे जातं.

पण हे सरळ रेषेतलं अंतर झालं आणि विमान सरळ रेषेत जात नाही. कोल्हापूरहून तिरुपतीची दिशा साधारण १२० अंश म्हणजे आग्नेय. धावपट्टी मात्र ०७/२५ आहे, म्हणजे एक तोंड जवळजवळ पूर्वेला आणि दुसरं पश्चिमेला. विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उडवतात. पावसाळ्यात कोल्हापुरात पश्चिमेचा वारा असतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये विमान आधी पश्चिमेला उडतं, मग वळसा घेतं आणि मग आग्नेयेला लागतं. यात तीन-चार मिनिटं जातात आणि खिडकीतून बघणाऱ्याला वाटतं की आपण रत्नागिरीला चाललोय. पूर्वेकडे उडालं तर उजवीकडे थोडं वळलं की काम झालं. तिकडे तिरुपतीला हाच प्रकार उतरताना होतो, धावपट्टी ०८/२६ आहे. आपण वायव्येकडून येणार, ०८ वर उतरायला मिळालं तर बऱ्यापैकी सरळ आत, २६ वर उतरायचं असेल तर विमानतळ ओलांडून पूर्वेला जायचं आणि वळून परत यायचं, आठ-दहा मिनिटं गेली. आणि आपण ज्या बाजूने येतो त्याच बाजूला शेषाचलमचे डोंगर आहेत, तिरुमलाच समुद्रसपाटीपासून साधारण ८५० मीटरवर आहे आणि विमानतळ जेमतेम १०० मीटरवर, त्यामुळे डोंगर मागे पडेपर्यंत फार खाली यायची परवानगीच मिळत नाही. हे सगळं धरून मी प्लॅनमध्ये ३५४ च्या जागी ३७० ते ३७५ नॉटिकल मैल घेतो, म्हणजे ६९० किलोमीटरच्या आसपास.

आता वेळेकडे येतो, कारण गोंधळ सगळा तिथेच आहे. ५० मिनिटं कुठून आली? ६५६ भागिले ८००, उत्तर ०.८२ तास, ४९ मिनिटं. बस, एवढंच केलेलं असतं त्या साइटने. जणू विमान कोल्हापुरात उभं असल्या जागी ताशी ८०० ला होतं आणि तिरुपतीत ८०० च्या वेगातच टेकलं. काही साइट अर्धा तास वर मिळवतात, तो आकडा योगायोगाने बरा निघतो पण तोही ठोकताळाच. लांबच्या प्रवासाला, समजा मुंबई-लंडन, असा ठोकताळा चालून जातो कारण बहुतेक वेळ विमान एकाच वेगात असतं. छोट्या विमानतळांमधल्या प्रवासात बराच वेळ चढण्यात आणि उतरण्यातच जातो, तिथे हा ठोकताळा हमखास फसवतो.

कोल्हापूरला दोन जातीची विमानं बघायला मिळतात. इंडिगोची एटीआर ७२, पंख्याची, आणि स्टार एअरची एम्ब्रेअर, छोटी जेट. २०१९ मध्ये इंडिगोने कोल्हापूर-तिरुपती सुरू केली तेव्हा ती एटीआरनेच. तर आधी एटीआरचा हिशोब करू. हे विमान २५,००० फुटांच्या वर जात नाही, या मार्गावर १७ ते २१ हजारात राहतं. (जाताना १७, १९ किंवा २१ हजार आणि येताना १८ किंवा २०, कारण पूर्वेच्या अर्ध्यात जाणाऱ्यांनी विषम हजार आणि पश्चिमेच्या अर्ध्यात जाणाऱ्यांनी सम हजार असा नियम आहे, समोरासमोरची विमानं एका उंचीवर येऊच नयेत म्हणून.) तेवढं चढायला १७ मिनिटं, त्यात ५५ मैल कापले जातात. उतरायला साधारण दर हजार फुटांना तीन मैल हा आमचा अंदाज, म्हणजे ६० मैल आणि १६ मिनिटं. ३७५ मधले राहिले २६० मैल, ते २७० नॉटने म्हणजे ताशी ५०० किलोमीटरने, ५८ मिनिटं. शेवटी धावपट्टीशी जुळवून घ्यायला पाच मिनिटं. बेरीज ९६ मिनिटं हवेत. दोन्हीकडे जमिनीवर चालायला मिळून १०-१२ मिनिटं. झाले पावणेदोन तासाच्या आसपास.

आता जेट घ्या. ते ३१-३३ हजारावर जातं, पण तिथे पोचायलाच १०० मैल आणि १८ मिनिटं जातात, आणि उतरायला ११० मैल आणि २० मिनिटं. म्हणजे ३७५ मधले २१० मैल चढउतारातच संपले! पूर्ण वेगात, ४३० नॉटला, राहतात फक्त १६५ मैल आणि ते २३ मिनिटांत होतात. पाच मिनिटं शेवटची, जमिनीवरची १२, एकूण ७८ मिनिटं. वेग दीडपटीहून जास्त पण वेळ वाचला अर्ध्या तासाच्या आत. कोल्हापूरहून कागलला जाताना गाडी कितीही भारी असली तरी गावातून हायवेला लागेपर्यंतच अर्धा वेळ जातो ना, तसंच.

म्हणूनच अंतर अर्धं झालं की वेळ अर्धा होत नाही. कोल्हापूर-मुंबई सरळ अंतर ३०८ किलोमीटर आहे, तिरुपतीच्या निम्म्याहून कमी, पण तिकिटावर तास-सव्वातास लिहिलेलाच असतो. तिथे चढणं-उतरणं तर आहेच, शिवाय मुंबईला एका वेळी एकच धावपट्टी वापरात असते, रांगेत आपला नंबर येईपर्यंत कधी घिरट्या घालाव्या लागतात, आणि उतरल्यावर पार्किंगपर्यंत चालतानाही बराच वेळ जातो. तिरुपतीला अशी गर्दी नसते. छोटा विमानतळ ते छोटा विमानतळ जाण्याचा हा मोठा फायदा आहे आणि लोक तो मोजतच नाहीत. छोट्या जागी फक्त एक गोष्ट असते, टॅक्सीवे, म्हणजे धावपट्टीला समांतर असा विमानाने चालत जायचा रस्ता, नसेल तर विमान धावपट्टीवरूनच टोकापर्यंत चालत जातं, तिथे वळतं आणि मग उडतं, त्याला बॅकट्रॅक म्हणतात, आणि तेवढ्यात दुसरं विमान उतरत असेल तर थांबावं लागतं.

तिकिटावरचा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. विमानाच्या चाकांपुढचे ठोकळे काढून ते हललं तिथपासून पलीकडे थांबून ठोकळे परत लागले तिथपर्यंत. त्यात हवेतला वेळ, जमिनीवरचा वेळ आणि वर पाच-दहा मिनिटं कंपनीने राखून ठेवलेली असतात. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, वेळेवर आलेल्या विमानांचे आकडे काढतं तेव्हा १५ मिनिटांपर्यंतचा उशीर वेळेवरच धरला जातो, तरी कुठलीही कंपनी थोडी जागा हातात ठेवतेच, कारण एकच विमान दिवसभर चार-सहा ठिकाणी फिरतं आणि सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत सगळीकडे पसरत जातो. म्हणून ज्यांना पुढे कुठलीही वेळ गाठायचीय त्यांनी दिवसातली पहिली फेरी असेल तर ती घ्यावी, हे माझं ठाम मत आहे.

वाऱ्याबद्दलही लोक खूप विचारतात. या मार्गावर वारा वेळ फारसा बदलत नाही, पण जे होतं ते मला स्वतःला फार आवडतं म्हणून सांगतो. पावसाळ्यात खाली, दीड किलोमीटरच्या आसपास, अरबी समुद्राकडून जोरदार पश्चिमेचा वारा येतो, आपला पाऊस आणणारा तोच. वर वर जाऊ तसा तो मंदावतो, सहा-सात किलोमीटरपाशी जवळजवळ संपतो आणि त्याच्या वर उलटा पूर्वेचा वारा सुरू होतो. त्यामुळे जुलैत एकाच दिवशी तिरुपतीला निघालेल्या एटीआरला १९ हजारावर पाठीमागून हलका वारा मिळतो आणि जेटला ३३ हजारावर समोरून तीस-चाळीस नॉटचा लागतो! पण जेटचा वरचा प्रवासच २३ मिनिटांचा, म्हणून फरक पडतो दोन-तीन मिनिटांचा, आणि येताना तेवढीच मिनिटं परत मिळतात. वाऱ्यापेक्षा ढगांची भीती जास्त. कोल्हापुरात जुलैचे खाली उतरलेले ढग आणि तिरुपतीत ऑक्टोबर ते डिसेंबर, कारण तिकडचा मोठा पाऊस तेव्हा पडतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळं नोव्हेंबरातच येतात, २०२१ च्या नोव्हेंबरात तिरुपतीत किती मोठा पूर आला होता ते आठवत असेल. अशा वेळी विमान चेन्नईला वळवतात, तिथून तिरुपती रस्त्याने तीन-साडेतीन तास. त्यासाठी लागणारं इंधन आम्ही आधीच भरलेलं असतं, प्रवासाचं, त्यावर थोडं जास्तीचं, मग पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं, त्यामुळे विमान वळवलं म्हणून घाबरायचं कारण नाही, फक्त तुमचा दिवस गेला.

एप्रिल-मेच्या दुपारचं वेगळं सांगतो कारण आईवडिलांबरोबर सामान असणार. उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून २००० फुटांच्या आसपास आहे. ३८ अंश उन्हात तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ते ५००० फुटांवरून उडाल्यासारखं असतं. पंखांना कमी उचल, इंजिनला कमी ताकद, धावायला जास्त धावपट्टी. इथली धावपट्टी आधी १३७० मीटर होती, ती १९३० केली तेव्हा बराच फरक पडला, तरी रणरणत्या दुपारी कधीकधी वजन कमी करावं लागतं आणि मग काही बॅगा मागे राहतात. औषधं हातातल्या पिशवीतच ठेवा.

आता तुमचा खरा हिशोब. काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या पाऊण ते एक तास आधी बंद करतात, म्हणून दीड तास आधी पोचा. कोल्हापूर गावातून विमानतळ अर्धा तास. म्हणजे दोन तास झाले. उड्डाण सव्वा ते पावणेदोन. रेणीगुंट्याला बॅग घेऊन बाहेर अर्धा तास. तिथून तिरुपती गाव १५ किलोमीटरच्या आसपास, मग डोंगराच्या पायथ्याशी अलिपिरीला सगळ्यांना उतरवून सामानाची तपासणी, तिथे गर्दीच्या दिवशी रांग लागते, आणि मग घाट. हे सगळं मिळून सव्वा ते दीड तास. एकूण पाच ते पावणेसहा, म्हणून मी सहा म्हणालो. सांगली-इचलकरंजीचे असाल तर तासभर वाढवा, रत्नागिरीहून आंबा घाटाने येणार असाल तर तीन-साडेतीन तास. ३०० रुपयांच्या विशेष दर्शनाचा स्लॉट ऑनलाइन घेताना विमान उतरायची वेळ आणि स्लॉट यात किमान पाच तास ठेवा, वयस्कर माणसं असतील तर सरळ दुसऱ्या दिवशी सकाळचा घ्या. रात्री पोचणाऱ्या विमानाने जाऊ नका, मध्यरात्री काही तास घाट बंद असतो.

रेल्वेशी तुलना करायची तर हरिप्रिया एक्स्प्रेस आहे, मिरज-बेळगाव-हुबळी करत जवळजवळ एक दिवस घेते. रस्त्याने बंगळुरूमार्गे साडेआठशे किलोमीटरच्या आसपास, म्हाताऱ्या माणसांना मी ते सुचवणार नाही. हरिप्रिया वाईट नाही, उलट गुडघे दुखत नसतील आणि सुट्टी असेल तर छान आहे, नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो आणि बालाजीनंतर अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही असं मानणारी माणसं पिढ्यान् पिढ्या या वाटेने येतजात आलीत. पण ज्यांना बारा-चौदा तासांच्या वर बसवत नाही त्यांच्यासाठी विमानच.

एक सावधगिरी. छोट्या विमानतळांमधल्या थेट फेऱ्या वेळापत्रकात येतात-जातात, आठवड्याच्या काहीच दिवशी असतात, मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर वेळापत्रक बदलतं. छोट्या शहरांना विमानाने जोडायच्या सरकारी उडान योजनेत तासाभराच्या, साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला अडीच हजार रुपये या धर्तीवर भाडी सुरू झाली होती, पण ती ठराविक मार्गांवर, ठराविक सीटला आणि ठराविक काळापुरतीच असतात, मुदत संपली की फेरी टिकेलच असं नाही. म्हणून तुमच्या तारखेला थेट फेरी आहे का ते कंपनीच्या साइटवरच बघा. नसेल तर हैदराबादवरून जाता येतं, कोल्हापूर-हैदराबाद ४४५ आणि हैदराबाद-तिरुपती ४१८, म्हणजे ८६३ किलोमीटर, पण हवेतल्या जास्तीच्या वेळेपेक्षा हैदराबादला बसून राहणं जास्त नडतं, दोन विमानांच्या मध्ये निदान दोन तास ठेवा आणि तिकीट दोन्हींचं एकाच पीएनआरवर काढा, म्हणजे पहिल्याला उशीर झाला तर पुढची सोय कंपनीने करायची असते. वेगवेगळी तिकिटं काढलीत तर पुढचं विमान चुकल्यावर पैसे गेले. दुसरा पर्याय बेळगावचा सांबरा विमानतळ, कोल्हापूरहून हायवेने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तिथली वेळापत्रकंही बघून ठेवा.

आईवडिलांसाठी व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच सांगा, निदान ४८ तास आधी तरी. एटीआरला दार मागच्या बाजूला असतं आणि जिना दारालाच जोडलेला, पायऱ्या थोड्याच पण अरुंद, म्हणून सीट मागच्या बाजूची घ्या, आत फार चालावं लागत नाही. जेटला दार पुढे, तिथे पुढच्या रांगा घ्या. खिडकीची हौस असेल तर एटीआरमध्ये पंख वरच्या बाजूला असतात, त्यामुळे बहुतेक सीटवरून खाली छान दिसतं.